किनाऱ्यावरचं माणूस

बीकन घेतलं की एक फॉर्म भरावा लागतो. त्यात यंत्राचा नंबर, मालकाचं नाव, आणि काही झालं तर कुणाला फोन करायचा ती दोन नावं. यशोधनने पहिलं नाव माझं लिहिलं, दुसरं मयुराचं.

मी म्हटलं, "अरे, बायकोचं आधी लिही."

"तिचा फोन ऑफिसात लॉकरमध्ये ठेवावा लागतो, आई. आत नेताच येत नाही. तू पहिल्या रिंगला उचलतेस."

समोर केतन पोहे खात बसला होता. तो म्हणाला, "काकू, आजपासून तुम्ही आमचं किनाऱ्यावरचं माणूस. समुद्रात जाणाऱ्याचं एक तरी असावं लागतं. आम्ही कधी निघालो, कधी पोचायचं, सगळं त्याला ठाऊक. उशीर झाला की त्याने ओरडा करायचा."

"दिल्लीजवळच्या या इंदिरापुरमला किनारा कुठला रे?"

"बिल्कुल नाही. म्हणून तर निवडलं. इथे लाट येत नाही, फक्त धूर येतो."

यशोधन माझा एकुलता एक मुलगा. केतन त्याच्या गुरुग्रामच्या ऑफिसातला, मूळचा सांगलीचा, एकटा राहणारा. शनिवारी आमच्याकडे जेवायला असायचाच. वर्षातून दोनतीनदा दोघं मालवणला जायचे आणि कयाक, म्हणजे ती माशासारखी निमुळती, एका माणसाची होडी, घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने दिवसभर वल्हवायचे. होड्या तिथे भाड्याने मिळत. बाकी सामान इथून जायचं, आणि परत आलं की माझ्या ताब्यात यायचं. लाइफ जॅकेटं गोड्या पाण्यात दोनदा बुडवून काढायची, नाहीतर मीठ पट्टे खातं. कमरेला घट्ट बसणारं रबरी झाकण उलटं करून सावलीत वाळवायचं. एकाने दुसऱ्याला ओढून आणायची दोरी असते, ती गाठ न पडता पिशवीत भरायची. शिट्टीत वाळू राहिली नाही ना ते फुंकून बघायचं. शेजारची वर्मा आंटी बाल्कनीतून विचारायची, "आपका बेटा यमुना में चलाता है क्या?" मी हसून सोडून द्यायची. तीस वर्षं पहाडगंजच्या मराठी शाळेत चौथीला भूगोल शिकवला, समुद्र नकाशात दाखवला. आता त्याचं मीठ माझ्या बादलीत उतरत होतं.

बीकन म्हणजे साबणाच्या डबीएवढं पिवळं यंत्र. जॅकेटला अडकवायचं. जीव संकटात आला की त्याची पट्टी उलगडायची आणि बटण दाबायचं, म्हणजे संदेश उपग्रहाकडे जातो आणि तिथून बचाव केंद्राकडे. केंद्रवाले आधी फॉर्मवरच्या माणसाला फोन करतात, कारण पुष्कळदा ते चुकून लागलेलं असतं. हे मला नीट माहीत आहे. मागच्या दिवाळीत साफसफाई करताना मीच ती पट्टी ओढली होती, पुसायचं म्हणून. बटणही दाबलं गेलं असणार. दहा मिनिटांत फोन. "मैडम, आपका बेटा समंदर में है?" मी म्हटलं, "नहीं भैया, वो तो सोफ़े पर है." पलीकडचे गृहस्थ हसले, यंत्र बंद कसं करायचं ते सांगितलं, आणि नोंद करतो म्हणाले. केतनने महिनाभर मला चिडवलं. "काकूंनी दिवाळीचं पहिलं रॉकेट थेट उपग्रहावर सोडलं."

यशोधन पाण्यात असेपर्यंत मी पाणी घ्यायचे नाही. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या खेपेला सकाळपासून घशाखाली काही उतरलंच नाही, संध्याकाळी त्याचा "पोचलो" असा मेसेज आला आणि मी पेला तोंडाला लावला. पुढच्या वेळी तेच नेमाने केलं, आणि मग तो नेमच झाला. केतन म्हणायचा, "काकू, तुम्ही पाणी प्या. तुमच्या वाटचं आम्ही समुद्रात पितो, न मागता." यशोधन हसत नसे. मला साखरेच्या गोळ्या चालू आहेत. फेब्रुवारीत त्यांना किनाऱ्याला लागायला रात्रीचे आठ वाजले आणि मी स्वयंपाकघरात पडले. दोन दिवस सलाईन. परत आल्यावर त्याने माझ्या पलंगाशी बसून विचारलं, "तू हे सोडशील का?"

"तू ते सोडशील का?"

त्यानंतर मालवणचं नाव घरात निघालं नाही. जॅकेटं त्याच्या कपाटात टांगलेली असायची. मार्चमध्ये तो हैदराबादला गेला, ऑक्टोबरमध्ये चंदीगडला, ऑफिसच्या कामाला. मला वाटलं, देवाने ऐकलं. मी कुणाजवळ बोलले नाही, पण रोज दिव्यात एक वात जास्त घालायला लागले.

डिसेंबरात दत्तजयंतीच्या आधी माझा सप्ताह असतो. सात दिवस पोथीचं पारायण. पहाटे स्नान करून साडेसहाला आसनावर बसायचं, त्या दिवसाचे अध्याय पुरे होईपर्यंत बोलायचं नाही, उठायचं नाही. सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये लग्न होऊन आले, त्या वर्षापासून हे चालू आहे. यशोधनचे बाबा गेले त्या वर्षी सुतकामुळे राहिलं, एवढंच. फोन मात्र शेजारी पाटावर ठेवत असे. किनाऱ्यावरच्या माणसाने फोन बंद ठेवायचा नाही, असं मी कबूल केलं होतं. समुद्र सुटला तरी ती सवय सुटली नव्हती.

चौथा दिवस होता. आदल्या दिवशी दुपारी यशोधन पुण्याला गेला होता, तीन दिवसांच्या ट्रेनिंगला; असं तो मला सांगून गेला होता. मयुरा सातला ऑफिसला निघाली. बाहेर धुरकं इतकं की समोरची इमारत दिसत नव्हती. साडेसातला कामवाली तिच्याकडच्या किल्लीने आत आली. तिला मी आधीच सांगून ठेवलं होतं की आज यशोधनच्या खोलीतली जाळी काढायची, पंखा पुसायचा. स्टूल सरकवल्याचा आवाज मला ऐकू येत होता.

आठ वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला. नंबर पाहिला. मागच्या दिवाळीचाच.

मी पोथीवर बोट ठेवून फोन उचलला.

"भानुमतीजी? आपके बेटे के बीकन से सिग्नल आ रहा है. अभी लोकेशन साफ़ नहीं है. वो कहाँ हैं?"

यशोधनच्या खोलीत स्टूल पुन्हा सरकलं. मी म्हटलं, "बेटा पुणे में है, ऑफ़िस के काम से. मशीन यहीं अलमारी में है. आज सफ़ाई चल रही है, बाई का हाथ लग गया होगा."

"पक्का, मैडम? पिछली बार भी आपके यहाँ से ऐसा ही..."

"हाँ जी. पक्का. मैं झूठ नहीं बोलती."

हे शेवटचं वाक्य मी का म्हटलं, मला ठाऊक नाही. पण म्हटलं.

"ठीक है. ज़रा जाकर बंद कर दीजिए."

मी हो म्हटलं आणि फोन पाटावर ठेवला. बोलण्याचा दोष लागलाच होता. उठण्याचा आणखी कशाला, असा विचार मी केला. दुरून पाहिल्यावर तो विचार कसा दिसतो, हे आता मला कळतं. त्या वेळी तो मला अगदी सरळ वाटला. बाईला हाक मारून विचारता आलं असतं, तेवढंही केलं नाही. यंत्र आपलं कपाटात चालू राहील, तासाभरात बंद करू. बोट होतं तिथून मी पुढे वाचायला लागले.

वाचन संपलं, आरती झाली, तेव्हा नऊ वाजत आले होते. यशोधनच्या खोलीत गेले. बाई स्टुलावर उभी राहून पंखा पुसत होती.

"अलमारी को हाथ लगाया क्या?"

"नहीं माताजी. अभी तो पंखा ही नहीं हुआ."

कपाट उघडलं. पुढे जुनं केशरी जॅकेट टांगलेलं होतं, जे मला रोज फटीतून दिसायचं. त्याच्या मागचे दोन हुक रिकामे. दोरीची पिशवी नव्हती. वरच्या कप्प्यात बीकनचा खोका होता. मी तो उचलला, तेव्हा हाताला वजनच लागलं नाही. आत माहितीपुस्तक होतं आणि फॉर्मची झेरॉक्स. पहिलं नाव माझं.

यशोधनचा फोन बंद. केतनचा क्षेत्राबाहेर. मयुराचा वाजत राहिला, लॉकरमध्ये. मग मी त्या नंबरवर परत फोन लावला. नऊ वाजून सात मिनिटं झाली होती.

"मैंने ग़लत कहा था," मी म्हटलं. "मशीन घर में नहीं है. बेटा पानी में है."

ते म्हणाले, की लोकेशन आत्ताच आलं आहे, मालवणच्या दक्षिणेला, किनाऱ्यापासून सातआठ किलोमीटर आत. आम्ही तुम्हालाच फोन करणार होतो. जवळ मच्छीमारांची एक ट्रॉलर आहे, तिला वळवतो. "पहले पता होता तो..." असं म्हणाले आणि वाक्य सोडून दिलं. भला माणूस होता.

मयुराच्या ऑफिसचा दुसरा नंबर शोधून तिला बोलावून घेतलं. मी एवढंच म्हटलं, "यश कुठे आहे?" ती रडायला लागली.

"आई, तुम्ही पाणी सोडता म्हणून सांगितलं नव्हतं. फेब्रुवारीनंतर ते दोनदा जाऊन आले. हैदराबाद, चंदीगड सगळं तेच होतं. यश म्हणाला, आईला कळलं तर ती उपाशी मरेल. माझं नाव फॉर्मवर पहिलं करून घेणार होता. ते राहूनच गेलं."

साडेदहाला ती घरी पोचली. तिने माझ्यासमोर पाण्याचा पेला ठेवला. मी तो पूर्ण प्यायले.

आम्ही दोघी पाटाशीच बसलो होतो, कारण चार्जर तिथे होता. सव्वाअकराला फोन आला. त्याच गृहस्थांचा.

"मैडम, बोट पहुँच गई थी. दो लोग मिले हैं. एक ज़िंदा है."

मी म्हटलं, "कौन?"

ते म्हणाले, विचारून सांगतो, आणि फोन तसाच धरून ठेवला. अर्धा मिनिट असेल. त्या अर्ध्या मिनिटात मी देवाजवळ काय मागितलं ते मला ठाऊक आहे. ते मागत असताना दुसरा कोण, हेही ठाऊक होतं. शनिवारी माझ्या हातची आमटी ओरपून खाणारा. मी तरी मागितलं. आणि मला ते मिळालं.

केतनचे अंत्यसंस्कार सांगलीला झाले. यशोधन तिथे होता. पाचव्या दिवशी मयुरा त्याला विमानतळावरून घेऊन आली. त्याच्या दोन्ही तळव्यांवर दोरीने कापल्याच्या खुणा होत्या. त्याने एकदाच सगळं सांगितलं, भिंतीकडे बघत.

पहाटे निघाले तेव्हा वारा जमिनीवरून समुद्राकडे होता. मी मनात म्हटलं, मतलई वारा. तीस वर्षं मुलांकडून पाठ करून घेतला होता. "हलकाच वाटला," तो म्हणाला, "पण भूशिर ओलांडल्यावर जोरात आला, आणि आम्हाला वळून किनाऱ्याकडे येता येईना." एका खडकाशी लाट फुटत होती, तिथे केतनची होडी उलटली. डोकं आपटलं, खांदा निखळला. होडी पाण्याने भरून गेली. फोन तिच्यातच होते. यशोधनने त्याला आपल्या होडीच्या दोरीला धरायला लावलं आणि पावणेआठच्या सुमाराला बीकन लावलं. नंतर त्याची होडीही उलटली. त्याने केतनच्या जॅकेटचा खांद्याचा पट्टा हातात धरला तो सोडलाच नाही.

"शुद्धीवर होता का?" मयुराने विचारलं.

"बोलत होता. जोक मारत होता. म्हणाला, काकूंना फोन गेला असेल, आता सगळी दिल्ली हलवतील. साडेनऊपर्यंत बोलत होता. मग मला वाटलं झोपला. बोट आली तेव्हा दहा वीस झाले होते."

मयुरा माझ्याकडे बघत नव्हती. बचाव केंद्राचा रिपोर्ट तिच्या ईमेलवर आला होता. तो तिने वाचला होता आणि मीही. त्यात एक ओळ होती: आठ वाजून पाच मिनिटांनी पहिल्या संपर्काने यंत्र घरीच असल्याची खात्री दिली. स्वयंपाकघरात तिने मला हळू आवाजात सांगितलं होतं, "आई, यशला हे कळायची काही गरज नाही. ईमेल मी डिलीट केलाय. त्याने काय बदलणार आहे?"

मी हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. चार दिवस असेच गेले. मी त्याला जेवण वाढायचे, तो ताटात हात घालून बसायचा. सप्ताहाचे पुढचे दिवस मी वाचलं नव्हतं. पोथी कापडात बांधून ठेवली होती.

तो परतल्याच्या पाचव्या दिवशी सकाळी लॅपटॉप घेऊन बसलेला दिसला. किती दिवसांनी. मला बरं वाटलं. गॅसवर चहा ठेवून त्याच्याजवळ गेले तर म्हणाला, "तक्रार लिहितोय."

"कुणाविरुद्ध?"

"त्या केंद्राविरुद्ध. पावणेआठला सिग्नल गेला आणि ट्रॉलरवाल्यांना सव्वानऊला कळलं. मी त्यांना विचारलं ना. दीड तास, आई. तिथे बसलेला कोण होता, त्याचं नाव मला पाहिजे. त्याची नोकरी घालवल्याशिवाय मी राहणार नाही. केतनच्या आईला मी तसं सांगितलंय."

मला तो आवाज आठवला. "ठीक है. ज़रा जाकर बंद कर दीजिए."

"ते लिहू नकोस," मी म्हटलं.

"का?"

मयुरा दारात येऊन उभी राहिली होती. "आई, नका," ती म्हणाली.

मी खाली बसले आणि सांगितलं. फोन कधी आला, मी काय म्हटलं, कुठे बसले होते, कधी उठले. "मैं झूठ नहीं बोलती" म्हटलं, तेही. तो ऐकत होता. मला वाटलं होतं ओरडेल, आणि ओरडला असता तर मला सोसवलं असतं. त्याने हळूच लॅपटॉप मिटला.

"मी पुण्याला जातो असं सांगून गेलो होतो," तो म्हणाला.

"हो."

"तू पाणी सोडतेस म्हणून."

"हो."

"म्हणजे आपण दोघांनी मिळून..." तो म्हणाला. मयुरा आत जाऊन गॅस बंद करून आली. चहा उतू गेला होता.

मग तो म्हणाला, "केतनच्या आईला कोण सांगणार? मी त्यांना त्या माणसाचं नाव देणार होतो."

"मी सांगते," मी म्हटलं.

केतनच्या आई वैजयंतीताई. आम्ही कधी भेटलो नव्हतो. सणाला फोनवर बोलायचो. त्या आपल्या मुलाने नीट जेवावं म्हणून मला सांगायच्या, मी माझ्या मुलाची तक्रार त्यांना सांगायचे. त्याही व्रतस्थ. गुरुवार, चतुर्थी, आणि डिसेंबरात त्यांचाही सप्ताह असायचा. आमची पोथी एकच होती. यशोधनने नंबर लावून फोन माझ्या हातात दिला आणि तो तिथेच बसून राहिला.

"बोला, ताई," वैजयंतीताई म्हणाल्या. "जेवतो का यश?"

मी म्हटलं, "जेवतो थोडं." मग सांगितलं. या वेळी मला सगळं सांगायला दोन मिनिटंही लागली नाहीत. एकदा सांगून झालेलं पुन्हा सांगताना माणूस किती लवकर सांगतो.

त्यांचा श्वास ऐकू येत होता, आणि मागे कुणीतरी भांडी लावत होतं.

मग त्यांनी विचारलं, "फोन आला तेव्हा किती अध्याय राहिले होते?"

"दीड," मी म्हटलं. "आणि आरती."

त्यांनी मनातल्या मनात काहीतरी मोजलं असावं. कुठला अध्याय, किती ओव्या, किती वेळ. हे त्यांना माझ्याइतकंच पाठ होतं. मी आणखी काही सांगायची गरज नव्हती.

"मीही नसते उठले हो," वैजयंतीताई म्हणाल्या.

त्यांनी हे मला धीर द्यायला म्हटलं, की स्वतःशीच म्हटलं, मला आजतागायत कळलेलं नाही. त्यांच्या आवाजात माया नव्हती आणि रागही नव्हता. मग त्यांनी फोन ठेवला.

यशोधनने विचारलं, "काय म्हणाल्या?" मी त्याला सांगितलं. तो उठून बाल्कनीत गेला आणि दार लावून घेतलं. त्यानंतर मी वैजयंतीताईंना दर गुरुवारी फोन करते. वाजत राहतो. त्या उचलत नाहीत, आणि मी लावायचं थांबवत नाही.